अपंग, दिव्यांग आणि 'दिव्यांगत्व'

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. 3 डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी त्यांनी फलकावर 'जागतिक अपंग दिन' लिहिलं. मुख्याध्यापकांनी 'अपंग' खोडून 'दिव्यांग' करायला सांगितलं, तर एका विद्यार्थ्याच्या आईला 'दिव्यांग' खटकलं. बरोबर काय?

सरकारी कागद असेल तर दिव्यांगच लिहा. 27 डिसेंबर 2015 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी हा शब्द सुचवला आणि पुढच्या वर्षी केंद्रातल्या अपंगांसाठीच्या विभागाचं हिंदी नाव बदललं. इंग्रजी नाव मात्र होतं तेच राहिलं. आपल्याकडेही अपंग कल्याण आयुक्तालयाचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय झालं आणि 2022 च्या डिसेंबरात स्वतंत्र मंत्रालयीन विभागच आला. शब्द बदलला की समाजाची नजर बदलेल, हा त्यामागचा हिशोब. गंमत अशी, की सूचना हिंदीतल्या 'विकलांग'च्या जागी होती. मराठीत गदा आली ती 'अपंग'वर.

'अपंग' हा 'अपांग'वरून आलेला. संस्कृतात अपांग म्हणजे डोळ्याचा बाहेरचा कोपरा, कटाक्ष जिथून टाकतात तो, आणि अंगात उणीव असलेलाही. मराठीने दुसरा अर्थ तेवढा उचलला. 'लंगडा', 'थोटा', 'लुळा' यांच्यासारखी हेटाळणी त्यात मला तरी ऐकू येत नाही.

'दिव्यांग'ची खरी अडचण भाववाचक नाम करताना कळते. 'अपघातात त्यांना दिव्यांगत्व आलं' हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. ट्रकने धडक दिली आणि अंग दिव्य झालं! प्रमाणपत्रावर तर त्या दिव्यत्वाची टक्केवारी येते. 40 च्या खाली असेल तर बहुतेक सवलती नाहीत. त्या आईंना हेच खटकलं असणार. अपंगांच्या अनेक संघटनांनीही 'दिव्यांग'ला सुरुवातीपासून हरकत घेतलेली आहे, कारण दिव्य म्हटलं की व्हीलचेअरसाठी उतरता रस्ता आणि खुणांच्या भाषेचा दुभाषा मागण्याचा हक्क बाजूला पडतो, हात तेवढे जोडले जातात.

सगळेच बदल असे फसलेले नाहीत. 'मूकबधिर' जाऊन 'कर्णबधिर' आला, तो मला पटतो. खुणांच्या भाषेत तासन्‌तास गप्पा मारणाऱ्या माणसाला मुका कसं म्हणायचं? कुणी म्हणेल, बधिर म्हणजे बहिराच, मग 'कर्ण' कशाला? पण मराठीत मांडी घालून बसलं की पायही बधिर होतो. तो 'कर्ण' हवाच. 'मतिमंद' सोडून 'बौद्धिक अक्षमता' म्हणणंही तसंच योग्य.

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात जनजागृतीच्या मोहिमा काढणं सरकारवर बंधनकारक आहे, आणि अपंग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. 'ए लंगड्या' म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. 'अपंगत्वाने ग्रस्त', 'व्हीलचेअरला खिळलेला' ही वर्तमानपत्री भाषाही टाळलेली बरी. माणूस व्हीलचेअर वापरतो, ती त्याला खिळवत नाही.

तर बाई, शिक्षण विभागाला पाठवायच्या अहवालात 'दिव्यांग' लिहा. फलकावर मी 'अपंग व्यक्तींचा जागतिक दिन' लिहीन. त्यात 'व्यक्ती' गाळू नका. आणि शाळेत अशी मुलं असतील तर फलक रंगवण्याआधी त्यांनाच विचारा.