इथममध्ये बायकांच्या वेढ्यापुढे लष्कराने माघार का घेतली?

मणिपूरमधील इथम गावात पकडलेले १२ अतिरेकी बायकांच्या जमावामुळे सोडून देणे हा लष्कराचा दुबळेपणा नव्हता का, असे आपण विचारले आहे. मी फौजेतून पेन्शनीला येऊन दाभोळ खाडीकाठी राहतो. आमच्या खाडीपट्ट्यातले माजी सैनिकही मला हेच विचारतात, कारण नोकरीची काही वर्षे मी इंफाळ खोऱ्यात काढली आहेत. माझ्या मते तो दुबळेपणा नव्हता.

२४ जून २०२३ रोजी बायकांच्या पुढाकाराखालील सुमारे १,२०० ते १,५०० लोकांनी तुकडीला घेरले. अधिकाऱ्याने माणसे स्थानिक पुढाऱ्याच्या ताब्यात दिली. हत्यारे मात्र तुकडीने सोबत नेली.

त्या बायका कोण, हे समजल्याशिवाय हा निर्णय समजणार नाही. 'मैरा पाइबी' म्हणजे मशाल धरणाऱ्या, इंफाळ खोऱ्यातल्या मैतेई समाजाच्या स्त्रिया. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्या दारूविरुद्ध रस्त्यावर उतरल्या आणि पुढे फौजेला वॉरंटशिवाय अटक करण्याची आणि गोळी चालवण्याची मुभा देणाऱ्या सशस्त्र दलांच्या विशेषाधिकार कायद्याविरुद्ध गल्लीगल्लीत रात्रीचा पहारा देऊ लागल्या. विजेच्या लोखंडी खांबावर दगडाचे ठोके पडले की घराघरांतून बायका बाहेर येत; तो आवाज अंधारात ऐकलेला जवान तो विसरत नाही. २००० साली मालोम येथे बसथांब्यावर १० नागरिक आसाम रायफल्स या निमलष्करी दलाच्या गोळीबारात मारले गेले आणि त्यातून इरोम शर्मिला यांचे या कायद्याविरुद्धचे १६ वर्षांचे उपोषण सुरू झाले. २००४ मध्ये आसाम रायफल्सने ताब्यात घेतलेल्या एका तरुणीचा मृतदेह सापडल्यावर १२ स्त्रियांनी इंफाळमधल्या कांगला किल्ल्याच्या, म्हणजे आसाम रायफल्सच्या तेव्हाच्या ठाण्याच्या दारात विवस्त्र होऊन निषेध केला. त्यानंतर काही महिन्यांतच किल्ला राज्य सरकारकडे सोपवावा लागला आणि इंफाळच्या सात विधानसभा मतदारसंघांतून तो कायदा उठला.

इथमच्या अधिकाऱ्यापुढे हा सगळा हिशेब होता. जमावावर गोळी चालवून बारा माणसे राखता आली असती, पण पडलेल्या प्रत्येक बाईमागे एक नवे मालोम उभे राहिले असते आणि त्याची किंमत पुढच्या पलटणींनी मोजली असती. हातात रायफल असताना, समोरून शिव्या आणि धक्के येत असताना पंचवीस वर्षांच्या पोराला बोट ट्रिगरबाहेर ठेवायला लावणे ही फौजेतील सर्वांत कठीण शिस्त आहे, असे मी अनुभवाने म्हणतो.

तरीही त्या दिवशीच्या जमावाला मी कांगलाच्या बारा स्त्रियांच्या पंक्तीला बसवणार नाही. सोडलेल्यांपैकी एकावर २०१५ च्या चंदेल हल्ल्याचा आरोप होता, ज्यात डोग्रा पलटणीचे १८ जवान गेले. शिवाय २०२३ चा संघर्ष मैतेई आणि कुकी समाजांतला होता. डोंगरातल्या कुकी बाईला खोऱ्यातल्या या मशालीचा आधार वाटत नव्हता, भीती वाटत होती. कांगलाच्या दारात त्या बारा जणींकडे स्वतःच्या देहाखेरीज काही नव्हते. इथममध्ये बायकांच्या आडून हत्यारबंद संघटनेची माणसे सुटली. हा फरक तुकडीच्या अधिकाऱ्यालाही दिसत असणारच, आणि तो दिसत असूनही त्याने गोळीबाराचा हुकूम दिला नाही.