कलमी गुलाबाच्या बुंध्यातून पांढऱ्या फुलांची फांदी आली आहे. सोलापूरच्या माळावर जंगली गुलाब उगवतो का?

जंगली आहे, पण माळावरचा नाही. तो बहुधा रोझा मल्टिफ्लोरा, मूळचा जपान, कोरिया आणि चीनकडचा, आणि बहुधा तुम्ही नर्सरीतून लाल गुलाब आणला तेव्हा त्याच्याच पोटात बसून घरी आला.

तुम्ही लिहिलंय की लाल गुलाबाच्या बुडातून पोपटी रंगाची लांबच लांब फांदी सुटली, तिला सात-सात पानं आहेत, वर बारक्या पांढऱ्या फुलांचे झुपके आलेत, आणि शेजारचे म्हणतात की नान्नजच्या माळावरून पाखरांनी बी आणून टाकलं. नान्नजच्या माळावर कुसळी गवत, तरवड, बोर, हिवर, बाभूळ सगळं सापडेल, गुलाब नाही. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उन्हाळ्यात चाळिशीच्या पुढे पारा आणि खाली मुरूम, हे गुलाबाच्या कुळाला मानवणारं घर नव्हे. आपल्या भागात गुलाबाची शेती होते ती विहिरी-बोअरच्या पाण्यावर.

माझ्याकडे हेच झालं होतं. लाल गुलाब दोन वर्षं बरा चालला, मग बारीक होत गेला आणि खालून ही पोपटी फांदी दणकट होत गेली. मला वाटलं, झाड जोरात आलंय. थंडी सरता सरता एके दिवशी झुपकेच्या झुपके फुलले. आई देवासाठी तोडायला गेली आणि परत येऊन म्हणाली, "ह्याला गुलाब म्हणतात व्हय? हातात घेतलं की पाकळ्या गळायल्यात." शेजारच्या अक्कांनी मात्र अख्खा झुपका केसात माळला.

कलमी गुलाब म्हणजे मुळात दोन झाडं. खाली खुंट, वर डोळा भरलेली शोभेची जात. खुंटासाठी आपल्याकडे रोझा मल्टिफ्लोरा, रोझा इंडिका, नॅटल ब्रायर असे चिवट गुलाब वापरतात. वरचं नाजूक पात्र दमलं की खालचा गडी स्वतःचा संसार थाटतो. तुमचं वर्णन मल्टिफ्लोराशी जुळतं, पण सात पानांवर जाऊ नका. 'पाच पानं कलमी, सात पानं जंगली' हे सगळेच सांगतात आणि ते कच्चं आहे. चांगल्या कलमी जातींनाही कधी कधी सात पर्णिका, म्हणजे एका देठावरची छोटी पानं, येतात.

खरी खूण पानाच्या देठाच्या बुडाशी आहे. देठ फांदीला चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना हिरवी पट्टी दिसेल, तिला उपपर्ण म्हणतात. शोभेच्या गुलाबात तिची कड बरीचशी साधी असते. मल्टिफ्लोरात ती कंगव्यासारखी चिरलेली असते, साडीच्या पदराच्या दशा सोडल्यासारखी. ही झालर दिसली की शंका फारशी उरत नाही. गंमत म्हणजे बाभळीत आणि बोरीत याच उपपर्णांचे काटे झालेले असतात. गुलाबाचा काटा तसा नाही, ती फक्त सालीची वाढ. अंगठ्याने आडवा दाबा, टक्कन निघतो आणि खाली नुसता डाग राहतो. बाभळीच्या काट्यावर हा प्रयोग करू नका.

आता फूल बघा. जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर, पाकळ्या पाचच. रानगुलाबाचं मूळ रूप हेच. हारातल्या गुलाबाला पाकळ्यांची जी गर्दी असते, त्यातल्या बहुतेक पाकळ्या मुळात पुंकेसर होत्या, माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून त्यांच्या पाकळ्या करवून घेतल्या. पाकळ्या गळाल्यावर मधोमध काडीसारखा एकच बारीक खांब उभा राहतो. तो एक नाही, अनेक कुक्षीवृंत, म्हणजे फुलाच्या स्त्रीभागाचे बारीक दांडे, एकमेकांना चिकटून झालेला आहे. लाल गुलाबात ते सुटे असतात. मधमाश्या येतात त्या परागासाठी, मध गुलाबात जवळजवळ नसतोच. नंतर वाटाण्याएवढी किंवा त्याहून बारकी लाल फळं धरतात.

मूळ प्रदेशात हा नदीकाठच्या झुडपांत आणि जंगलाच्या उजेडाच्या कडेला राहतो. फांद्या कमानीसारख्या वाकतात, दुसऱ्या झाडावर काट्यांनी अडकत चढतात, आणि टोक ओल्या मातीला टेकलं की तिथेच मुळं धरतं. पावसाळ्यात माझ्या फांदीचं टोक शेजारच्या तुळशीच्या कुंडीत रुजलं होतं. ह्याच गुणांवर भाळून अमेरिकेत 1930 च्या दशकात सरकारी खात्याने धूप थांबवायला आणि कुंपणाला तो लावायला सांगितला. पाखरांनी फळं खाऊन बी सगळीकडे नेलं, आणि आज तिथल्या कित्येक राज्यांत तो उपद्रवी तण ठरवलेला आहे. आपल्या वेड्या बाभळीचीच कथा. सोलापुरात तसं व्हायची भीती मला वाटत नाही. त्याच्या बियांना उगवण्याआधी गारव्यात ओलसर मातीत बरेच दिवस पडून राहावं लागतं, तो गारवा आपण कुठून आणणार?

भारताचे स्वतःचे रानगुलाब बघायचे तर लांब जावं लागेल. हिमालयात रोझा ब्रुनोनी, लडाखमध्ये गुलाबी फुलांचा रोझा वेबियाना, मणिपूरच्या डोंगरांत हाताच्या पंजाएवढ्या फुलांचा रोझा जायगँशिया. तमिळनाडूतले नीलगिरी आणि पळणीचे डोंगर नकाशात सोलापूरच्या कितीतरी खाली, तरी तिथल्या उंच थंड माथ्यांवर रोझा लेशेनॉल्टियाना आहे. माझा आवडता मात्र रोझा क्लायनोफिला. पूर्वेकडे नदीकाठी, पाणी साचणाऱ्या जागी वाढतो आणि पुरात उभा राहतो. बहुतेक गुलाब अशा चिखलात कुजून जातील.

तुमच्या झाडाचं म्हणाल तर आधी माती बाजूला करून कलमाची गाठ शोधा. फांदी गाठीच्या खालून आली असेल तर ती खुंटाचीच. ती कात्रीने छाटू नका, एकाच्या जागी चार फुटवे येतील. बुडाशी धरून खाली ओढा आणि टाचेसकट उपटून काढा. लाल गुलाबाला अजून एखादा डोळा जिवंत असेल तर तो सावरेल. पांढरा ठेवायचाच असेल तर पावसाळ्यात त्याची वीतभर फांदी वेगळी लावा, सहज लागते. फक्त जागा कंपाउंडच्या भिंतीलगत द्या, वाळत घातलेल्या कपड्यांपासून लांब.