कोणतं ऑइल, कुणाच्या हातून?

परभणीत गॅरेज सुरू करून मला एकतीस वर्षं झाली. या वेळच्या पत्रांत निम्म्याहून अधिक प्रश्न इंजिन ऑइलचेच निघाले, म्हणून आज फक्त तेच घेतो.

प्रश्न (अंबाजोगाईच्या एक शिक्षिका) : माझी ११० सीसीची मोटरसायकल आहे. शाळेसाठी रोज चाळीस किलोमीटर होतात. गाडीच्या पुस्तकात १०डब्ल्यू-३० लिहिलंय. मिस्त्री म्हणतात, आपल्याकडं उन्हाळा कडक, २०डब्ल्यू-४० टाका, इंजिन टिकतं. कुणाचं ऐकू?

पुस्तकाचं, ताई. डब्ल्यूच्या आधीचा आकडा ऑइल गार असताना किती सहज वाहतं ते सांगतो. तो जितका लहान, तितकं ते थंडीत पातळ. नंतरचा आकडा ऑइल १०० अंशांपर्यंत तापल्यावर त्याचा दाटपणा किती राहतो ते सांगतो. मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा ४३-४४ वर जातो हे खरंच, पण चालत्या इंजिनातलं ऑइल त्याच्या दुपटीहून जास्त तापलेलं असतं. इंजिन बनवणाऱ्यांनी ३० हा आकडा ती गरमी धरूनच ठरवलेला असतो.

आणि आपल्याकडं थंडीही पडते, हे मिस्त्री विसरतात. डिसेंबर-जानेवारीत परभणीला पारा ५-६ अंशांवर उतरतो. सकाळी किक मारल्यावर दाट ऑइल वर हेडपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या डोक्यापर्यंत, पोचायला उशीर लागतो, आणि तेवढा वेळ आतले भाग जवळजवळ कोरडे घासतात. मी खोललेल्या कितीतरी इंजिनांत कॅम आणि रॉकर (हेडमधले व्हॉल्व्ह उघडणारे भाग) आधी खराब झालेले दिसले, खालचं सगळं ठणठणीत.

मिस्त्रींचा हेतू वाईट नाही. पूर्वी बहुतेक गाड्यांना २०डब्ल्यू-४० च चालायचं, हात त्यावर बसलाय. तुमच्या पुस्तकात तापमानाचा तक्ता असेल आणि त्यात दोन्ही ग्रेड दिले असतील तर खुशाल २०डब्ल्यू-४० टाका. नसतील तर नाही. गाडी जुनी होऊन निळा धूर मारायला लागली की दाट ऑइलनं धूर थोडे दिवस कमी होतो, पण त्यानं पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा काही दुरुस्त होत नाहीत.

प्रश्न (वाळूजला कंपनीत कामाला असलेला तरुण) : मामाच्या कारमधून उरलेलं महागडं सिंथेटिक ऑइल बाइकमध्ये टाकलं. आता चढावर रेस वाढते पण गाडी ओढत नाही. इंजिन गेलं का?

इंजिन शाबूत आहे, क्लच घसरतोय. कारचा क्लच इंजिनाच्या बाहेर, कोरडा असतो. बहुतेक बाइकमध्ये मात्र क्लच प्लेटा आणि गिअर त्याच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात, ती प्लेटांना निसरडं करतात. बाइकसाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ असा शिक्का लागतो. ते ऑइल काढा, योग्य टाका, शे-दोनशे किलोमीटर चालवून पाहा. घसरणं थांबलं नाही तर प्लेटा बदलाव्या लागतील.

प्रश्न (सेलू तालुक्यातले शेतकरी) : ट्रॅक्टरचं ऑइल दरवर्षी दिवाळीला बदलतो. पण महिन्याभरातच काळं व्हायलंय. ऑइल नकली असंल का?

काळं होणं हे नकलीचं लक्षण नाही, दादा. डिझेल जळताना काजळी होते, ती धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. नवं ऑइल टाकून दोन दिवस नांगरट केली तरी ते काळं दिसतं. बोटाला लावून चोळा. खरखर लागली, धातूचा चुरा चमकला, किंवा डिझेलचा वास येऊन ऑइल पाण्यासारखं पातळ वाटलं, तर घाबरा.

चूक दिवाळीत आहे. ट्रॅक्टरचं ऑइल तासांवर बदलायचं असतं. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या पुस्तकात २५० तास दिलेले असतात, नव्या इंजिनाला पहिली बदली त्याहून खूप आधी. रोटाव्हेटर दिवसाला दहा तास चालला तर २५० तास पंचवीस दिवसांत संपतात. मग उसाची वाहतूक, कारखान्याच्या गेटवर ट्रॉल्यांच्या रांगेत रात्रभर चालू ठेवलेलं इंजिन, सगळं त्याच ऑइलवर. तासाचा मीटर बंद असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या. तोवर वहीत रोजचे तास लिहा.

दुसरं, एअर क्लीनर. तुमचा ट्रॅक्टर जुना असेल तर खाली ऑइलची वाटी असलेला क्लीनर असणार. क्लिपा काढा, वाटी खाली घ्या, तळात बोट बुडवा. बोटाला चिखल लागला तर समजा, आपल्या काळ्या मातीची धूळ तिथं साठून पुढं बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन चालतो त्या नळीत, निघाली आहे. मळणीच्या आणि रोटाव्हेटरच्या दिवसांत ही वाटी रोज बघायची, गाळ दिसला की धुऊन खुणेपर्यंत नवं ऑइल भरायचं. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. माझ्याकडं हंगामानंतर बोअर-पिस्टनला येणारे ट्रॅक्टर बहुतेक या वाटीनं घालवलेले असतात, आणि मालक शिव्या देतो ऑइलच्या कंपनीला.

डिझेल इंजिनाच्या डब्यावर सी अक्षराची प्रत बघा, सीएच-४, सीआय-४ अशी, आणि ती पुस्तकाशी जुळवा. एस अक्षराची प्रत पेट्रोलची. गिअर आणि हायड्रॉलिकच्या ऑइलची बादलीही तशीच दिसते, ती इंजिनात जाऊ देऊ नका.

प्रश्न (नांदेडहून) : २०२१ ची डिझेल गाडी आहे, वॉरंटी अजून शिल्लक आहे. शोरूमला ऑइल बदलायचं बिल जड वाटतं. गल्लीतला मिस्त्री हुशार आहे. त्याच्याकडं दिलं तर चालेल का?

वॉरंटी असेपर्यंत शोरूम सोडू नका. बाहेर करायचंच असेल तर वॉरंटीच्या अटी आधी वाचा, आणि ऑइलची ग्रेड, प्रत, किलोमीटर लिहिलेलं पक्कं बिल जपून ठेवा. शिवाय तुमची गाडी १ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६, धुराच्या कडक नियमांतली. सायलेन्सरच्या लाइनीत काजळी अडवणारी गाळणी असेल तर कमी राखेचंच ऑइल लागतं. साधं टाकलं तर त्याची राख गाळणीत बसते आणि ती पुन्हा निघत नाही. मिस्त्रीला हे माहीत आहे का, एवढं विचारा.

वॉरंटी संपल्यावर मात्र मी पाटी बघू नका म्हणेन, हात बघा. शोरूममध्येही काम शेवटी कुणीतरी एक पोरगाच करतो. चार वर्षांपूर्वी माझ्याकडं टोइंग करून एक गाडी आली. आदल्या दिवशी एका मोठ्या, चकाचक ठिकाणी सर्व्हिसिंग झालेलं. ड्रेन नट (जुनं ऑइल काढायचा खालचा नट) हातानं बसवून पान्यानं आवळायचा राहिला होता. गेवराईच्या पुढं तो गळून पडला, लाल दिवा लागला, ‘बीड जवळच आहे’ म्हणून चालवत राहिले. इंजिन जाम. तो लाल दिवा ऑइलचं प्रेशर गेल्याचा असतो. लागला की कडेला घेऊन तिथंच बंद करायचं, एक किलोमीटरसुद्धा पुढं जायचं नाही.

म्हणून कुणाकडंही द्या, पण समोर उभे राहा. डब्याचं सील तुमच्यापुढं फुटलं पाहिजे. ऑइल गरम असताना काढून थेंब थांबेपर्यंत गळू दिलं पाहिजे. नटाला नवा वायसर, फिल्टर नवा, नट आधी हातानं फिरवून मग पाना. शेवटी इंजिन मिनिटभर चालवून, बंद करून, थोडं थांबून गेज, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघायला हवं. जो मालकाला आत उभं राहू देत नाही त्याच्याकडं मी माझी गाडी देणार नाही. आणि रिकामा डबा भोक पाडून टाका, भेसळवाले तेच डबे पुन्हा भरतात.

प्रश्न (लातूरच्या एक ताई) : स्कूटरचं ऑइल घरी बदलता येईल का?

येईल, आणि शिकाच. तीन-चार मिनिटं चालवून इंजिन कोमट करा, सपाट जागी मेन स्टँडवर लावा. एक सावधगिरी सगळ्यात मोठी : मागच्या चाकाजवळ गिअर ऑइलचा वेगळा नट असतो. इंजिनाचा कोणता ते पुस्तकातल्या चित्राशी ताडून मगच पाना लावा. काही स्कूटरना झाकणामागं स्प्रिंग आणि जाळी असते, ती खाली पडते. कोणती बाजू वर होती ते लक्षात ठेवा. पुस्तकात ७०० मिली लिहिलं असेल तर ९०० मिलीचा डबा पूर्ण ओतू नका, जास्त ऑइलला फेस येतो आणि सील गळतात. जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजला द्या. नालीत, बांधावर, वाळवीसाठी लाकडाला, कुठंच नको. ते झिरपत विहिरीत उतरतं.

प्रश्न (भूम तालुक्यातून) : सप्टेंबर २०२५ च्या पुरात ट्रॅक्टर दोन दिवस पाण्यात होता. तेव्हापासून शेडमध्ये उभा आहे. ऑइल बदलून चालू करू का?

स्टार्टरला हात लावू नका. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर काढा. ड्रेन नट हळू सैल करा, पाणी जड असल्यानं तेच आधी बाहेर येईल. मागून येणारं ऑइल ताकासारखं पांढरट असेल तर पाणी त्यात मिसळलंय. डिझेलची टाकी आणि फिल्टर, एअर क्लीनर, गिअरबॉक्स सगळं रिकामं करून साफ करा. इंजेक्टर काढून इंजिन हातानं फिरवा आणि आतलं पाणी बाहेर काढा. इतके महिने उभा असल्यानं बोअरला गंज धरला असेल. हातानं फिरत नसेल तर जोर न लावता इंजिन खोलून घ्या. फिरलं तर स्वस्तातलं पण योग्य ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर टाकून दहा मिनिटं रिकामं चालवा, काढा, पुन्हा बघा. पांढरट दिसेनासं होईपर्यंत हेच करायचं. दोनदा लागेल, कधी तीनदा.