कीटकप्रेमी मुलीला ‘द इव्होल्यूशन ऑफ कॅल्पर्निया टेट’ वाचायला द्यावी का?

तुमची मुलगी अकरा वर्षांची आहे, किडे आणि झाडे न्याहाळण्यात रमते, आणि जॅकलिन केली यांची ही कादंबरी तिला आवडेल का, असे तुम्ही विचारले आहे. जरूर द्या, असेच मी म्हणेन. कारण विज्ञान म्हणजे नेमके काय काम असते, हे इतक्या खरेपणाने सांगणारे बालसाहित्य मी फारसे वाचलेले नाही.

कथा 1899 सालची, टेक्सासमधल्या फेंट्रेस या लहानशा गावातली आहे. सहा भावांमध्ये एकटी असलेली कॅल्पर्निया कडक उन्हाळ्यात पाहते की अंगणातले पिवळे नाकतोडे आकाराने मोठे आहेत आणि हिरवे मात्र लहान. कारण विचारल्यावर आजोबा उत्तर देत नाहीत. ते तूच शोध, असे सांगतात. वाळलेल्या गवतात पिवळे नाकतोडे पक्ष्यांना दिसत नाहीत, म्हणून ते जगतात आणि वाढतात, तर हिरवे मोठे होण्याआधीच टिपले जातात, हे तिला स्वतःच उमगते. डार्विनचे उत्क्रांतीवरचे पुस्तक तिच्या हाती येते तेही आजोबांकडून, कारण लॉकहार्टच्या ग्रंथालयात ते तिला मिळत नाही. पुढे दोघांना एक अनोळखी, शेंगवर्गातली रानवनस्पती सापडते आणि तिची माहिती वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन या संशोधन संस्थेकडे जाते. पण नमुना कुठे सापडला याची नोंद राहून गेल्यामुळे त्यांना पुन्हा रानोमाळ शोध घ्यावा लागतो. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण नोंदवहीची शिस्त इथे उपदेशातून नव्हे, तर गोष्टीतूनच मुलांपर्यंत पोहोचते.

आईला मात्र मुलीने विणकाम, स्वयंपाक आणि पियानो शिकावा असे वाटते. लेखिकेने तिला खलनायिका केलेले नाही. तिचे मुलीवर प्रेम आहे, आणि म्हणूनच तो ताण वाचताना अधिक जाणवतो. आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियातून वैद्यकीची पदवी 1886 मध्येच मिळवली होती. तरीही तेरा वर्षांनंतर त्याच देशातल्या एका खेड्यात, खात्यापित्या घरातल्या मुलीला तो मार्ग दिसूही नये, याबद्दल मुलीशी अवश्य बोला. घरातली कृष्णवर्णीय वंशाची स्वयंपाकीण व्हायोला आणि आजोबांचा अमेरिकी यादवी युद्धातला, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूचा सहभाग यांवर कादंबरी पुरेशी थांबत नाही, असे माझे मत आहे. तिथे तुम्हाला थोडा इतिहास सांगावा लागेल.

इंग्रजी फार कठीण नाही, परंतु प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी डार्विनचे उद्धरण आहे आणि ती वाक्ये लांबलचक आहेत, तेव्हा तेवढी तुम्ही सोबत बसून वाचा. तिला कादंबरी आवडली, तर 2015 मध्ये आलेला पुढचा भागही आहे, ज्यात कॅल्पर्नियाचे लक्ष प्राण्यांच्या उपचारांकडे वळते.