वंशावळीचं जुनं सॉफ्टवेअर कंपनीने बंद केलं, माझ्याकडे ते अजून उघडतं. नव्यात नावं आली, पण टिपा आणि फोटो गेले. सगळं पुन्हा टाइप करावं लागेल का?

पुन्हा टाइप करायला अजिबात बसू नका. आणि जुना प्रोग्रॅम इतक्यात काढूनही टाकू नका, त्याच्याकडून अजून काम करून घ्यायचं आहे.

वंशावळीचे प्रोग्रॅम एकमेकांना माहिती देतात ती जेडकॉम (GEDCOM) फाइलमधून. हा फॉरमॅट १९८४चा. तुमची फाइल बहुधा ५.५ किंवा ५.५.१ आवृत्तीची असेल. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आकडा दिसेल: ० म्हणजे नवी नोंद, १ वर जन्म, २ वर त्या जन्माची तारीख आणि ठिकाण. आता ज्यांची टीप गेली, अशा एखाद्या आजोबांचं नाव त्यात शोधा. टीप त्या फाइलमध्ये कुठेही असेल, तर नव्या प्रोग्रॅमने ती इम्पोर्ट करताना घेतली नाही. नसेल, तर जुन्यानेच एक्सपोर्ट करताना सोडली. एवढं कळल्याशिवाय बाकी काही करू नका.

आकड्यानंतर येणारा छोटा शब्द म्हणजे टॅग. अंडरस्कोअरने (_) सुरू होणारे टॅग दिसले, तर ते जुन्या प्रोग्रॅमचे स्वतःचे. दुसरा प्रोग्रॅम ते ओळखेलच असं नाही. अशी माहिती मी आधी जुन्यातच साध्या नोटमध्ये हलवते, मग नव्याने एक्सपोर्ट करते. काम कंटाळवाणं आहे, पण करा. नाव कुठूनही पुन्हा मिळेल. ते कोणत्या कागदावर सापडलं ही नोंद गेली तर सगळा शोध पुन्हा पहिल्यापासून.

फोटोंचं वेगळं आहे. या जुन्या आवृत्त्यांत सहसा फोटो नसतो, तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे एवढंच लिहिलेलं असतं. फोल्डर हलला की फोटो गायब. तो मूळ जागी ठेवा, नाहीतर नव्या प्रोग्रॅममध्ये त्याची जागा बदलून द्या. २०२१च्या ७.० आवृत्तीत फोटोंसकट एकच झिप फाइल करता येते, मात्र दोन्ही प्रोग्रॅमना ती आवृत्ती चालायला हवी.

देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली असतील, तर एक्सपोर्ट करताना अक्षरांसाठी यूटीएफ-८ (UTF-8) हा पर्याय निवडा. जुना ॲन्सेल पर्याय देवनागरीसाठी नाहीच.

सगळं आलं असं वाटलं, की सर्वांत गुंतागुंतीच्या नोंदी काढा: दोन लग्नं, दत्तक मूल, अंदाजे तारीख. दोन्ही प्रोग्रॅम शेजारी उघडून त्या ओळीनओळ ताडून पाहा. त्या जुळल्या, तर बाकीच्या सहसा नीट आलेल्या असतात.