उन्हाळ्यात नव्हे, उन्हाळ्यावर!

प्रश्न असा आला आहे: राजापूरकडचे एक नातेवाईक म्हणाले, ‘डिसेंबरात उन्हाळ्यावर आंघोळीला गेलो होतो.’ हे बरोबर आहे का, की ‘गरम पाण्याच्या कुंडावर’ म्हणायला हवं?

बरोबर आहे, आणि अस्सल आहे. तो उन्हाळा म्हणजे ऋतू. ते उन्हाळे म्हणजे जमिनीतून आपसूक कढत पाणी येतं ती जागा. राजापूरशेजारच्या, अधूनमधून प्रकटणाऱ्या ‘गंगे’मुळे सगळ्यांना ठाऊक असलेल्या गावाचं नावच उन्हाळे आहे. तरी ‘कोकणातले उन्हाळी झरे’ असं बिनदिक्कत लिहिलेलं दिसतं तेव्हा संताप येतो. तिथलं पाणी पाऊस-थंडीतही तितकंच ऊन असतं. मुरलेलं पाणी भेगांतून खोल उतरतं, पृथ्वीच्या पोटात तापतं आणि वर येतं. ऋतूचा संबंध काय? आणि कुंड म्हणजे माणसानं बांधलेलं. झरा त्याच्या आधीचा.

मूळ शब्द ‘उष्ण’. प्राकृतात ‘उण्ह’, आपल्याकडे ‘ऊन’. ऊन म्हणजे नुसती सूर्याची तिरीप नव्हे. ‘ऊन ऊन भात’ म्हणतोच ना आपण? नकाशा उघडा: दापोलीकडचं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे, किनवटकडचं उनकेश्वर, चोपड्याकडचं उनपदेव, थेट गुजरातेतलं उनाई. सगळीकडे गरम पाणी, सगळीकडे ऊन!

आता खरी गंमत ‘आळे’ची. ऋतूवाचक उन्हाळा ‘उष्णकाल’पासून आला, याबद्दल वाद नाही. पण उन्हाळे? ‘उष्ण + आलय’ अशी फोड काही जाणकार करतात. उच्चाराच्या दृष्टीनं ती बसते, पण पाण्याला ‘आलय’ कोण म्हणतं? ही पोथीतली व्युत्पत्ती आहे, वाडीतली नाही. माझं ठाम मत, ते ‘ऊन्ह + आळे’ आहे. माडापोफळीच्या बुंध्याशी माती ओढून पाणी धरायला गोल खळगा करतात, ते आळे, संस्कृत ‘आलवाल’. एखाद्या न बांधलेल्या उन्हाळ्याच्या काठी उकिडवं बसून पाहा. गंधकाचा वास नाकात शिरतो, तळातून बुडबुडे सुटतात, बोट घातलं की चटका बसतो, आणि भोवती मातीची तशीच ओली, गोल कड. ज्यानं रोज आळ्यात पाणी सोडलं, त्याला दुसरं नाव सुचेलच कसं? लिंगही जुळतं: ते आळे, ते उन्हाळे. आलयवाल्यांनी हा खळगा पाहून मग कोश उघडावा.

राहिलं ते मूळ वाक्य. विभक्ती लागली की दोन्ही शब्दांचं ‘उन्हाळ्या-’ होतं, घोटाळा एवढाच. ऋतू असेल तर ‘उन्हाळ्यात’ म्हणायचं. आंघोळीला जायचं ते नदीवर, विहिरीवर, तसंच उन्हाळ्यावर. नातेवाइकांचं वाक्य जसंच्या तसं ठेवा.