व्यायामाचा नेम टिकत नाही आणि वाडीसाठीही काही करायचंय. दोन्हीचं मिळून एकच ध्येय कसं ठरवावं?

तुम्ही लिहिलंय की गुहागरजवळच्या गावात राहता, काम बँकेतलं, दिवसभर खुर्चीवर, वय चाळिशीत. चालण्याचा नेम दर वेळी पंधरा दिवसांत मोडतो, आणि गावासाठी हातभार लावावा असंही मनात आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. श्रमदान म्हणजे व्यायाम नव्हे. महिन्यातून एका रविवारी तीन तास घमेली उचलली तर गावाचं काम होतं, शरीराचं होत नाही. उलट सोमवारी कंबर धरते आणि पुढच्या खेपेला माणूस येतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आहे आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम मेहनतीची हालचाल, शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम. हे दर आठवड्याला लागतं, श्रमदान मोसमी असतं. म्हणून श्रमदानाची तारीख आधी धरा आणि तिथून मागे मोजत व्यायाम बसवा. ‘वजन कमी करायचंय’ या ध्येयाला तारीख नसते आणि वाट बघणारं कुणी नसतं. श्रमदानाला दोन्ही असतं.

तुमच्यासाठी मी वनराई बंधारा निवडेन, म्हणजे माती-वाळू भरलेली पोती रचून पऱ्यावर (छोट्या ओढ्यावर) घातलेला तात्पुरता बांध. ध्येय एका वाक्यात लिहून ठेवा: ‘डिसेंबरच्या पहिल्या रविवारी वाडीच्या पऱ्यावर बंधारा घालू, त्या दिवशी मी माणसांच्या साखळीत 25 किलोची पोती कंबर न धरता पुढे देईन, आणि मार्चअखेर बंधाऱ्यात पाणी असेल.’ शेवटचा तुकडा सोडू नका, कारण बंधारा घातला की फोटो निघतात आणि पुढे तिकडे कुणी फिरकत नाही.

आता तारखा. आत्ता ऑगस्ट आहे, गणपतीपर्यंत काही सुरू होणार नाही हे मान्य करून टाका. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय मांडा, त्याआधी ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) यांना भेटा. रिकामी पोती कुठून मिळतील, कोणत्या पऱ्यावर बंधारा आधीच ठरलाय, हे त्यांना ठाऊक असतं. ऑक्टोबरात भातकापणी, मग झोडणी. तोवर माणूस मिळत नाही. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा पूर्वार्ध हीच खरी वेळ. लवकर घातला तर पाण्याची ओढ जास्त असते, पोती सरकतात. जानेवारीवर ढकलला तर अडवायला पाणीच उरत नाही.

गणपती उरकल्यावर हाताशी दहा-अकरा आठवडे राहतात. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. मग आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास चालणं. समुद्र जवळ आहे तर वाळूवरच चाला, पण पहिले तीन आठवडे पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट वाळूवर. भुसभुशीत वाळूत तेवढ्याच अंतराला जवळजवळ दुप्पट शक्ती लागते आणि सवय नसेल तर पोटऱ्या, टाचा दुखायला लागतात. किनारा उतरता असतो, त्यामुळे जाताना एक पाय खाली पडतो. परत येताना त्याच रेषेवरून या, म्हणजे दुसरा पडेल.

वेळ साधायला जुना हिशेब पुरतो. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, आणि सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती अकरा-साडेअकराच्या सुमारास, म्हणजे पहाटे पाच-साडेपाचला ओहोटी आणि चालायला रुंद पुळण. एकादशीला मात्र सकाळी सव्वाआठला भरती असते, त्या आठवड्यात सरळ डांबरी रस्ता धरा. ‘आज पाणी वर आहे’ या कारणाने बरेच नेम मोडतात.

ताकदीसाठी दोन दिवस, मंगळवार-शुक्रवार म्हणा. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात 10 किलो माती भरून तोंड शिवा. किनाऱ्यावरची वाळू आणू नका, त्याला कायद्याने बंदी आहे. जमिनीवरून उचलणं आठ वेळा, पोतं छातीशी धरून वीस मीटर चालणं आणि दहा बैठका, अशा तीन फेऱ्या. दर आठवड्याला दीड किलो वाढवा, नोव्हेंबरअखेर 25 वर पोचाल. उचलताना पाठ सरळ, कुल्ले मागे, पोतं पोटाला चिकटलेलं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वळताना पावलं वळवा. पाय रोवून नुसती कंबर पिळली की तिथेच चमक भरते. आणि साखळीत काम म्हणजे दुसरं-तिसरं काही नसून वळणंच असतं.

साखळीचा हिशेब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाच मीटर रुंद पऱ्या, बंधाऱ्याची उंची एक मीटर, तळाशी जाडी दीड मीटर आणि माथ्याला अर्धा, एवढ्याला 25 किलोची साधारण साडेतीनशे पोती लागतात. ती वाटून घेतली जात नाहीत, साखळीतल्या प्रत्येकाच्या हातून सगळी जातात. म्हणजे प्रत्येकी पावणेनऊ टन. म्हणून एक लांब साखळी करू नका, दोन करा, समोरासमोर नागमोडी उभे राहा आणि दर वीस मिनिटांनी बाजू बदला. उत्साही मंडळी पोतं गळ्यापर्यंत भरतात. ओल्या वाळूने भरलेलं सिमेंटचं पोतं साठ किलोच्या वर जातं आणि रचताना नीट बसतही नाही, कडेला फटी राहतात. निम्म्यापेक्षा थोडं कमी भरा, दाभण-सुतळीने तोंड शिवा.

बांधणीत चुकतं ते पायाभरणीत. तळातले गोटे-वाळू उकरून घट्ट थरापर्यंत चर घ्या, नाहीतर पाणी खालून निघून जातं आणि वरचा बंधारा शोभेचा उरतो. दोन्ही काठांत पोती फूट-दीड फूट आत घुसवा. तिथल्या मातीत खेकड्यांची बिळं असतात, ती चिकणमातीने ठासा. थर विटांसारखे सांधे मोडून रचा, मध्ये माती लिंपा. पाण्याच्या अंगाला प्लास्टिकचा कागद लावून खालची कड चरात गाडा. मधोमध माथा एक थर खाली ठेवा, म्हणजे जादा पाणी तिथून सांडेल आणि काठ खाणार नाही. पोत्यांत भरायचा गाळ बंधाऱ्याच्या वरच्या अंगाचाच, पण पायापासून दोन-तीन मीटर सोडून काढा. त्याने खोलीही वाढते.

दगड हाताने उचलू नका, आधी पहारीने उलथा. आपल्याकडे कातळाच्या दगडाखाली फुरसं (विषारी साप) असणं ही नवलाची गोष्ट नाही. चावलंच तर कापाकापी, मंत्र-तंत्र न करता थेट सरकारी रुग्णालय. पायाला जखम असेल तर गमबूट घाला. चिखलपाण्यात काम केल्यानंतर पंधरवड्यात ताप आला तर डॉक्टरांना ते काम केल्याचं आवर्जून सांगा, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) शंका त्यावरूनच येते. दोडामार्ग-सावंतवाडीकडचे वाचक असतील त्यांनी जानेवारी ते मे या काळात जंगलातल्या कामाआधी आरोग्य केंद्रात माकडतापाबद्दल (जंगलातल्या गोचिडांमुळे होणाऱ्या तापाबद्दल) विचारावं.

खाण्यावर थोडं, कारण वजन न उतरण्याचं कारण बहुधा तिथे असतं. श्रमदानानंतर दोन वडापाव आणि दोन कप गोड चहा घेतला की जवळपास सगळी कमाई परत. सकाळी पेज, कामानंतर कुळथाची पिठी आणि भाकरी, मध्ये मीठ घातलेलं कोकम पाणी. घाम फार गेला तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाच्या सपाट चमच्याने.

मोजायचं काय? दोन किलोमीटर चालायला लागणारा वेळ पंधरवड्यातून एकदा, कमरेचा घेर महिन्यातून एकदा. वजन रोज बघू नका. बंधाऱ्यापाशी खुणांची काठी रोवा आणि जवळच्या विहिरीला दोर सोडून पाणी किती हात खाली आहे ते दर रविवारी वहीत लिहा. गळती दिसली की त्याच दिवशी लिंपायची. डिसेंबरनंतर ही रविवारची फेरीच तुमचा चालण्याचा नेम टिकवेल. पाच दिवसांचं चालणं आणि ताकदीचे दोन दिवस तसेच चालू ठेवा.

याच महिन्यांत, नोव्हेंबर ते मार्च, किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पहाटेच्या गस्तीला जायचं असेल तर वनविभाग आणि गावातल्या कासवमित्रांमार्फतच जा, अंड्यांना स्वतः हात लावू नका. पण पहिल्याच वर्षी दोन कामं अंगावर घेऊ नका.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणखी एक रविवार राखून ठेवा. उन्हाने सिमेंटच्या पोत्यांचे धागे सुटायला लागलेले असतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात ती फाटून पऱ्यातून थेट समुद्रात जातात. माती काठाला रिकामी करा, प्लास्टिकचा कागद आणि पोती मोजून बाहेर काढा, धड असतील ती सावलीत रचून पुढच्या डिसेंबरसाठी ठेवा, फाटकी ग्रामपंचायतीच्या प्लास्टिक कचऱ्यात द्या. साडेतीनशे घातली होती तर साडेतीनशेच परत आली पाहिजेत.